काडतूस कोणी भरावे?

म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात सरावाची वेळ संपली की नेमबाजीच्या रेंजवर पितळी पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो. पॉइंट टू टू रायफलची पुंगळी करंगळीच्या पेराहूनही लहान. एकेका नेमबाजाच्या सरावात अशा शेकडो पुंगळ्या रिकाम्या होतात आणि प्रत्येक पुंगळीमागे पैसे मोजलेले असतात. मुलाला किंवा मुलीला नव्याने या खेळात घातलेल्या पालकांच्या मनात मग एक साधा, व्यवहारी प्रश्न येतो. रद्दीच्या दुकानात पितळ विकण्यापेक्षा ही पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही का? परदेशात लोक घरच्या घरी काडतुसे भरतात असे त्यांनी ऐकलेले असते, क्वचित मोबाइलवर पाहिलेलेही असते.

प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढण्याचे कारण उघड आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली होती, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले होते. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिलेले हे संकुल आज नेमबाजीच्या वेडाचे एक मोठे ठिकाण आहे. ज्या म्हाळुंगे गावाच्या जमिनीवर ते आहे, ते गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जाईपर्यंत मुळशी तालुक्यातलेच एक गाव होते. त्याच तालुक्यात डोंगराकडे सरकत गेले तर काडतुसाचा नव्हे, पण बंदूक स्वतः भरण्याचा एक जुना प्रकार अजून टिकून आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकायला हरकत नाही. पॉइंट टू टूची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. या काडतुसात पेट घेणारे संवेदनशील मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आतल्या बाजूने भरलेले असते. फायरिंग पिन ती कडाच चेचते. एकदा चेचलेली कड पूर्ववत होत नाही. १० मीटरच्या एअर रायफलला आणि एअर पिस्तुलाला तर दारूच लागत नाही, दाबलेली हवा शिशाचा छर्रा पुढे ढकलते. म्हणजे शाळकरी नेमबाज ज्या प्रकारांत असतात तिथे पुनर्भरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो येतो मोठ्या काडतुसांच्या बाबतीत. तिथे बुडाच्या मध्यभागी एक वेगळी, बदलता येणारी टोपी असते. हिलाच प्रायमर म्हणतात. १२ बोरची बंदूक, मोठ्या कॅलिबरची रायफल, बरीचशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर या गटातली. यांची पुंगळी नव्या टोपीने, नव्या दारूने आणि नव्या गोळीने पुन्हा भरता येते. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हा हजारो लोकांचा छंद आहे. काहींना त्यातून पैसे वाचवायचे असतात, तर तीनशे मीटरवर नेम धरणाऱ्याला प्रत्येक गोळी अगदी सारख्या वेगाने सुटायला हवी असते.

दाब आणि दारू

धोका समजून घ्यायला स्वयंपाकघरातला कुकर बरा. कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त असतो. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते. १२ बोरच्या नेहमीच्या काडतुसासाठी युरोपीय मानकांनी घातलेली कमाल मर्यादा आहे ७४० बार. एवढुशा पॉइंट टू टूमध्ये दाब दीड हजार बारच्या पुढे जातो आणि मोठ्या रायफलच्या काडतुसात चार हजारांच्या आसपास. हे सगळे काही सहस्रांश सेकंदांत, नेमबाजाच्या गालापासून चार बोटांवर.

बंदुकीची जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५, १५ आणि १० टक्के मिश्रण. आजच्या काडतुसात ती नसते. १८८४ मध्ये पॉल व्हिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि पुढच्या काही वर्षांत जगभरची काडतुसे बदलली. या दारूचा एक स्वभाव व्हिएनेच मोजून दाखवला. दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की वायू जास्त निर्माण होतो, वायूमुळे दाब आणखी वाढतो आणि तो दाब पुन्हा वेग वाढवतो. उघड्या ताटलीत ओतून काडी लावली तर हीच दारू नुसती भसकन जळून जाते. बंद पुंगळीत मात्र हे चक्र किती पुढे जाईल हे दारूचा प्रकार, तिच्या दाण्याचा आकार, तिचे वजन, गोळीचे वजन आणि गोळी पुंगळीत किती खोल बसली आहे यावर ठरते. म्हणून भरणाऱ्याची चूक आणि तिचा परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते. दारू थोडी जास्त पडली तर दाब थोडाच वाढेल, असा हिशेब इथे चालत नाही. पिस्तुलासाठीची झपाट्याने जळणारी दारू चुकून रायफलच्या पुंगळीत गेली, तर वजन अगदी बरोबर असूनही बंदूक फुटू शकते. दोन डब्यांतली दारू दिसायला सारखीच असते, हे या छंदातले सर्वांत मोठे दुखणे.

उलटी चूकही तितकीच वाईट. ‘फुसका बार’ हा शब्द आपण राजकारण्यांच्या भाषणांसाठी वापरून वापरून त्याचा मूळ अर्थ विसरलो आहोत. पुंगळीत दारू पडलीच नाही, फक्त टोपी आहे, अशा वेळी घोडा ओढल्यावर हलकासा ‘फट्’ आवाज होतो. टोपीच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकते आणि तिथेच अडकते. नेमबाजाला वाटते, काडतूस खराब निघाले. तो पुढचे काडतूस भरतो आणि झाडतो. आता नळीत बूच बसलेले आहे, मागून पूर्ण दाबाची गोळी येते आहे. नळी फुगते किंवा चिरते, आणि त्या वेळी डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणून चांगल्या रेंजवर नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की आवाज नेहमीपेक्षा कमी वाटला तर थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही. आवाज मुळीच झाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून निदान तीस सेकंद वाट पाहायची, कारण ओलसर टोपी कधी कधी उशिरा पेटते. हे कारखान्यातल्या काडतुसालाही लागू आहे, पण घरी भरलेल्यांत असे प्रसंग जास्त येतात.

शिवाय दारू जुनी होते. नायट्रोसेल्युलोज हळूहळू कुजत असते आणि त्यातून बाहेर पडणारे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवते. हे रोखण्यासाठी त्यात स्थिरक मिसळतात. स्थिरक संपला की आंबूस वास येतो, तांबूस धूर दिसतो आणि क्वचित दारू आपली आपण पेट घेते. फ्रेंच नौदलाने याची फार मोठी किंमत मोजली. १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका तूलाँ बंदरात अशाच दारूमुळे फुटल्या आणि शेकडो खलाशी गेले. घरातली अर्धा किलोची बरणी म्हणजे युद्धनौका नव्हे हे खरेच, पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या कपाटातले रसायनशास्त्र तेच असते.

परीक्षा कुठे, मोकळीक कुठे

एवढे धोके असलेले काम कोणाला करू द्यावे याची उत्तरे देशोदेशी फार वेगळी आहेत. जर्मनीत ही बाब शस्त्रांच्या कायद्याखाली येत नाही, ती स्फोटक पदार्थांच्या कायद्यात घातली आहे. त्याच्या कलम २७ खाली छंद म्हणून काडतुसे भरणाऱ्यालाही वैयक्तिक परवाना लागतो. वय किमान २१ हवे. आधी माणसाची पार्श्वभूमी तपासली जाते, ती निर्धोक ठरल्यावरच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला बसता येते. त्यानंतर परीक्षा असते आणि परवाना ठरावीक वर्षांनी नूतनीकरणासाठी पुन्हा समोर येतो. दारूचा साठा किती आणि कुठे ठेवायचा हेही ठरलेले आहे. अमेरिकेत नेमके उलटे. स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायचे असेल तरच लागतो. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन पुनर्भरणाचे वर्ग घेते, प्रमाणित प्रशिक्षकही तयार करते, पण वर्गाला जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. ब्रिटनने मधला रस्ता धरला. काळ्या दारूला स्फोटकांचे प्रमाणपत्र हवे आणि २००६ च्या एका कायद्यानंतर प्रायमरही शस्त्रपरवाना किंवा तसा अधिकार दाखवल्याशिवाय मिळत नाही.

जर्मन परीक्षेचे कौतुक करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या कामातले बहुतेक अपघात अज्ञानातून होत नाहीत, लक्ष उडाल्याने होतात. दहा वर्षे काडतुसे भरणाऱ्या माणसाला दुप्पट दारू घालू नये हे पक्के ठाऊक असते. फोन वाजला, कोणी हाक मारली आणि परत आल्यावर ‘या पुंगळीत घातली होती का?’ हे आठवत नाही. म्हणून चांगले प्रशिक्षक रसायनशास्त्रापेक्षा सवयींवर जास्त वेळ घालवतात. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, प्रत्येक भरलेली पुंगळी गोळी बसवण्याआधी उजेडात पाहावी, नोंद लेखी ठेवावी आणि दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या बंदुकीत कधीही घालू नये. प्रमाणपत्राने या सवयी लागत नाहीत. पण त्या लागल्या आहेत का हे कोणी तरी एकदा तपासून पाहते, एवढे नक्की.

भारतात या छंदाला जागा जवळजवळ नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मधली ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या अनेकांना वाटते त्याहून बरीच रुंद आहे. तयार काडतुसाबरोबर बंदुकीत घालायचा बार, त्याचे साहित्य, दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रे हे सारे तिच्यात येते. कलम ५ नुसार त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. परदेशातून येताना सामानात घातलेले हौशी भरणयंत्र हे यंत्र नसून कायद्याच्या भाषेत दारूगोळाच ठरू शकते, हे कौतुकाने असे यंत्र मागवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दारूच्या बाजूने पाहावे तर १८८४ चा स्फोटक अधिनियम आहे आणि त्याची अंमलबजावणी करणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. काडतुसे भरायची कोणी, याचे भारतीय उत्तर म्हणजे खडकीसारखे कारखाने. १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना बालेवाडीपासून काही मैलांवर आहे. तिथे दाब मोजायला यंत्रे असतात, कामगार आणि दारू यांच्यामध्ये भिंती असतात.

प्रशिक्षणाचा आग्रह मात्र आपल्याकडेही आला, तो बंदूक बाळगणाऱ्यासाठी. शस्त्र नियम २०१६ ने परवान्याच्या अर्जदाराला शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे वापरण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घालून दिले. बंदूक कशी हाताळायची, कशी न्यायची, झाडायची, निगा कशी ठेवायची, घरात मुलाबाळांच्या हाती लागणार नाही अशी कुठे ठेवायची, हा त्याचा रोख. सोबत सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र. त्यात मानसिक आरोग्याचाही उल्लेख असतो. साध्या एअर रायफलला, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचे बोर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर, परवाना लागत नाही. मग प्रमाणपत्रही नाही. लहान मुले नेमकी तिथेच असतात.

हातावरचे शिसे

बंदूक फुटण्याची बातमी होते. शिशाची होत नाही, पण नेमबाजांचे जास्त नुकसान शिशानेच केले आहे. गोळी शिशाची असते हे सर्वांना माहीत असते. टोपीतही शिसे असते हे कमी जणांना माहीत असते. लेड स्टिफनेट हे प्रायमरमधले नेहमीचे स्फोटक. घोडा ओढल्यावर त्याची वाफ होते, शिवाय गोळीचे बूड गरम वायूंनी झिजते आणि दोन्हींचे अतिसूक्ष्म कण नेमबाजाच्या तोंडासमोरच हवेत पसरतात. उरलेले हातावर, कपड्यांवर, फरशीवर बसतात.

जे पुंगळ्या पुन्हा भरतात त्यांना याचा दुसरा हप्ता मिळतो. काळवंडलेल्या पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून लख्ख करण्याचे एक यंत्र असते. त्याचे झाकण उघडल्यावर जी धूळ उडते तिच्यात टोपीतले शिसे असते. काही जण गोळ्याही घरीच ओततात. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीवरही. त्या शेगडीवर पुन्हा कधी दूध तापवू नये, हे सांगायला लागू नये, पण लागते.

मार्क लेडलॉ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रेंजवरच्या शिशाविषयीच्या जगभरच्या ३६ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ३१ अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले होते आणि १५ अभ्यासांत ४० हून जास्त. तुलनेसाठी सांगायचे तर ५ मायक्रोग्रॅम दिसले तरी शिशाचा स्रोत शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते आणि सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, हेही सोबत सांगते. म्युनिक परिसरातल्या बंदिस्त रेंजवरील १२९ नेमबाजांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पालकांच्या जास्त उपयोगाचा. त्यात फक्त एअरगन वापरणाऱ्यांच्या रक्तातले मध्यक मूल्य ३.३ मायक्रोग्रॅम होते. एअरगनबरोबर पॉइंट टू टूही वापरणाऱ्यांचे ८.७. धावत-पळत भराभर गोळ्या झाडायच्या स्पर्धांतल्या नेमबाजांचे १९.२. प्रकार बदलला की आकडा कसा चढतो हे इथे स्वच्छ दिसते. दहावीतला मुलगा एअर रायफलवरून पॉइंट टू टूकडे वळतो तो टप्पा म्हणूनच एकदा रक्त तपासून घेण्याचा.

शिसे शरीराला कॅल्शियमसारखे भासते. रक्तात ते महिनाभर टिकते, हाडांत जाऊन बसले की दशके. हिमोग्लोबिन तयार होण्याची साखळी ते मध्येच तोडते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांना त्रास देते. वाढत्या मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून निघत नाही आणि गरोदरपणात आईच्या हाडांतले शिसे सुटून गर्भापर्यंत पोहोचते. लक्षणे फसवी. थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड. परीक्षेच्या दिवसांत कुठल्या घरात ही नसतात?

उपाय स्वस्त आहेत, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. छर्रे किंवा काडतुसे हाताळलेल्या हाताने रेंजवर वडापाव खाऊ नये. आधी साबणाने आणि थंड पाण्याने हात धुवावेत, मग तोंड. डबा आणि पाण्याची बाटली नेमबाजीच्या रेषेपासून लांब ठेवावी. सरावाचे बूट घराच्या उंबऱ्याबाहेर काढावेत आणि कपडे वेगळे धुवावेत, कारण रांगणारे भावंड फरशीवरचे सगळे तोंडात घालते. आणि रेंजची फरशी कोरड्या केरसुणीने झाडू नये. त्याने बसलेले शिसे पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसणे किंवा सूक्ष्म कण अडवणारा व्हॅक्यूम वापरणे हा मार्ग. हे काम करणाऱ्या बाईंना त्यासाठी मास्क मिळतो का, हे नव्या अकादमीत प्रवेश घेताना विचारून पाहावे. त्या उत्तरावरून पदकांच्या फलकापेक्षा जास्त कळते. कानांचेही तसेच. १४० डेसिबलच्या पुढचा एकच ठोका कानाच्या आतल्या पेशी मारू शकतो. १२ बोरचा आवाज त्याच्या बराच वर असतो आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही हवेत.

ठासणीची बंदूक

आता पौडच्या पुढे. मुळशीच्या डोंगरात भाताची खाचरे रानाला लागून आहेत. भात निसवले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत खाचराचे गवत करून जातात. राखणीसाठी जी बंदूक पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या घरात आहे ती ठासणीची. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेखच आहे. परवाना पौडकडच्या शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. हिंजवडीकडचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात गेला आहे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, ही येरझारही ओळखीची.

या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि गजाने ठासायचे. मागे टोपी चढवायची. म्हणजे ज्या कामासाठी जर्मनीत परीक्षा द्यावी लागते, तेच काम इथे अंधारात, माचावर बसून, झोपाळल्या डोळ्यांनी होते. २०१६ चे नियम आले तेव्हा यातली बरीच घरे दोन-तीन पिढ्या ही बंदूक वापरत होती आणि शिकवण बापाकडून मुलाकडे आली तेवढीच. काळी दारू बिनधुराच्या दारूइतकी दाबाला चढत नाही, हे त्यांच्या बाजूचे नशीब. पण तिचे स्वतःचे धोके आहेत. एक बार झाडल्यावर नळीत धुमसणारा कण राहिला आणि लगेच वरून दारू ओतली, तर ती ओतणाऱ्याच्या हातातच पेटते. म्हणून थोडे थांबून, मोजून घेतलेलीच दारू ओतायची. डब्यातून थेट कधीच नाही. दारू संपली म्हणून काडतूस फोडून निघालेली बिनधुराची दारू ठासणे किंवा फटाक्यांतली पूड घालणे हा नळी फोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. फटाक्यातले ॲल्युमिनियमचे मिश्रण जळत नाही, ते फुटते.

मुळशीचा पाऊस हा आणखी एक भागीदार. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावले नाही, तर चार दिवसांत आतून गंज धरतो. गंजलेली नळी बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून पातळ होत जाते. भिजलेली टोपी उशिरा पेटते. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावून पाहणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून वेगळी लागते. म्हणून नुसत्या दारूचा, छर्ऱ्यांविना बार काढून जनावर हुसकावले जाते. अशा बाराचाही बोळा जवळच्या माणसाला जखमी करतो.

आणि मग तो जुना प्रश्न, बंदूक भरलेली आहे की नाही? ठासणीच्या बंदुकीकडे बाहेरून पाहून ते कळत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यातल्या चोवीस हजार भरलेल्याच होत्या. त्यांपैकी जवळपास निम्म्यांत दोन बार एकावर एक ठासलेले होते, सहा हजारांत तीन ते दहा. एकीत तेवीस. ती माणसे कवायत केलेले सैनिक होते, पण गोंधळात आपला आधीचा बार उडालाच नाही हे त्यांना कळले नव्हते. माचावर एकट्याने जागणाऱ्या शेतकऱ्याला, घरी आल्यावर कोपऱ्यात उभ्या केलेल्या बंदुकीबद्दल किंवा सकाळी ती उचलणाऱ्या त्याच्या मुलाला हे कळावे कसे?

त्यावरचा उपाय बंदुकीइतकाच जुना आहे आणि त्याला कुठलेही प्रमाणपत्र लागत नाही. नळी रिकामी असल्याची खात्री करून ठासणीचा गज तळापर्यंत घालायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण कोरायची. नेहमीचा बार ठासल्यावर गज पुन्हा घालून दुसरी खूण कोरायची. त्यानंतर घरातले कोणीही, टोपी काढून, नळीपासून तोंड बाजूला ठेवून गज आत सोडला की पाहू शकते. पहिली खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. दुसरी आली तर बार आत आहे. आणि गज दुसऱ्या खुणेच्याही वर अडला, तर एकावर एक दोन बार बसले आहेत. मग ती बंदूक तशीच, नळी माणसांपासून दूर ठेवून, जाणत्या परवानाधारक कारागिराकडे न्यायची.